तुमच्या जन्माआधीची आई

पत्र:

ताई, नमस्कार. माझी आई गेल्या हिवाळ्यात वारली. १९६८ साली, एकवीस वर्षांची असताना, ती मिरजेहून एकटी इंग्लंडला नर्सिंग शिकायला आली आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका रुग्णालयात लागली. १९७२ साली तिचं लग्न झालं. भाऊ १९७४चा, मी १९८०ची. बाबा कारखान्यात दिवसपाळीला आणि आई कायम रात्रपाळीला, म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात. भाऊ दहा महिन्यांचा असताना तिनं त्याला मिरजेला आजीकडे ठेवलं आणि पाच वर्षांचा झाल्यावर परत आणलं. त्या काळात ती त्याला एकदाच भेटली, असं तो म्हणतो. मी मात्र इथंच वाढले. मला आठवते ती पडदे ओढून दिवसा झोपलेली आई आणि दबक्या पावलांनी वावरणारे आम्ही. तिची कंबर कायम दुखायची. मी चौदा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात माझं मुख्य काम होतं, पण ती आली नाही. कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करत स्वयंपाकघरात बसली होती. २००७ साली ती निवृत्त झाली.

पहिल्या स्मृतिदिनाला नातेवाईक आणि तिच्या जुन्या सहकारी जमणार आहेत. मला दहा मिनिटं बोलायचंय आणि एक छोटी पुस्तिका छापायचीय. मी लिहिलं होतं, ‘आमच्यासाठी आईनं मायदेश सोडला, आमच्यासाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या. ती वात्सल्याची मूर्ती होती.’ भावानं वाचून कागद खाली ठेवला. म्हणाला, ‘ही माझी आई नाही.’ तिच्या कपाटात एक पत्र्याचा डबा सापडलाय. त्यात एक बॅज, पट्ट्याचं बक्कल, जुना भारतीय पासपोर्ट, ‘यूकेसीसी’कडून आलेलं १९९५ सालचं पत्र आणि आजीच्या अक्षरातल्या निळ्या एरोग्रामची, म्हणजे घडी घालून पाठवायच्या हवाई पत्रांची, जुडी आहे. भावाला आता मराठी वाचता येत नाही. मी काय लिहू?

उत्तर:

नमस्कार.

भावानं कागद खाली ठेवला याचं तुम्हाला दुःख झालंय, ते पत्रातून कळतं. मला मात्र त्यात आशेला जागा दिसते. आईबद्दल त्याला काही वाटतच नसतं, तर ‘छान लिहिलंयस’ म्हणून त्यानं कागद परत दिला असता आणि विषय संपला असता. ‘ही माझी आई नाही’ असं म्हणणाऱ्याच्या मनात कुठली तरी दुसरी आई आहे.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येते. ‘आमच्यासाठी आईनं मायदेश सोडला.’ तुम्हीच दिलेली सालं जवळजवळ मांडून पाहा. ती निघाली १९६८मध्ये. लग्न ७२चं, भाऊ ७४चा, तुम्ही ८०च्या. ती निघाली तेव्हा तुम्ही दोघंही नव्हतात आणि तुमचे बाबाही तिच्या आयुष्यात आलेले नव्हते. ती तुमच्यासाठी गेलेली असणं शक्यच नाही. तिला नर्स व्हायचं होतं, म्हणून ती गेली.

हे नुसतं सालांची चूक दुरुस्त करायला सांगत नाही. तुमचा मसुदा अडलाय तो नेमका इथं, असं माझं मत आहे. तुम्ही आईचं आयुष्य तुमच्या जन्मापासून सुरू केलंत. त्यामुळे तिची नोकरी म्हणजे ती घरी का नव्हती याचं कारण, एवढीच उरली. मग त्या नसण्याची भरपाई करायला ‘खस्ता’ आणि ‘मूर्ती’ आणावे लागले. तुमची आई जवळपास चाळीस वर्षं एक अवघड काम करत होती, आणि त्या कामात ती काय करायची यावर तुमच्या मसुद्यात एकही वाक्य नाही. तिच्या सहकारी समोर बसलेल्या असतील. त्यांना त्या तीन वाक्यांत आपली मैत्रीण कुठं सापडणार?

म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवात १९६८पासून करा. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून तिथल्या रस्त्यांवर नर्सेस दिसत आल्या आहेत. तरीसुद्धा त्या पिढीत नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलीला कितीतरी घरांतून होकार मिळत नसे. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, रात्री बाहेर काढायच्या, लग्न कोण करणार, हे सगळं ऐकून घ्यावं लागे. तुमच्या आईनं तर त्याच्याही पुढं जाऊन समुद्रापलीकडं जायचं ठरवलं. घरी कोण नाही म्हणालं? तिकिटाचे पैसे कुणी दिले? अर्ज कुणी भरून दिला? एखादी मावशी किंवा मामा हयात असतील तर हे प्रश्न त्यांना विचारा. त्यांना या गोष्टी बहुतेक बारकाईनं आठवत असतील, कारण घरातली मुलगी विलायतेला जाणं ही त्यांच्याही आयुष्यातली मोठी घटना होती.

आणि ती पोचली ते गाव, ते साल. २० एप्रिल १९६८ला इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पॉवेल हे वुल्व्हरहॅम्प्टनचेच खासदार होते. १९६० ते १९६३ या काळात ते आरोग्यमंत्री होते, आणि तेव्हाही ब्रिटनची रुग्णालयं कॅरिबियन बेटांवरून, आयर्लंडमधून, आशियातून आलेल्या नर्सेसच्या हातांवर चालत होती. तुमची आई त्याच वर्षी त्याच गावात उतरली आणि तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करू लागली. ती याबद्दल घरी कधी बोलली नसेल. त्या पिढीतल्या बऱ्याच जणी बोलल्या नाहीत. तिला काय ऐकावं लागलं हे कल्पनेनं लिहू नका. पण साल आणि गाव लिहा, भाषणाचा उल्लेख एका वाक्यात करा. तेवढं ऐकून सभागृहातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना पुढचं सांगावं लागणार नाही. त्यातली कुणी चहाच्या वेळी आपणहून काही सांगायला आली, तर ते तिच्या शब्दांत टिपून घ्या.

आता डब्याकडे वळते. त्या बॅजची मागची बाजू भिंगाखाली पाहा. राज्य-नोंदणीच्या बॅजवर मागे बऱ्याचदा नाव, नंबर आणि तारीख कोरलेली असते. पुढच्या बाजूला ‘स्टेट एन्रोल्ड नर्स’ असं आहे का? तुमच्या पत्रावरून मला तसं वाटतं, आणि तसं असेल तर १९९५च्या त्या पत्राचा अर्थही लागतो.

त्या काळी इंग्लंडमध्ये नर्सिंगचे दोन दर्जे होते. तीन वर्षांचं शिक्षण घेऊन ‘स्टेट रजिस्टर्ड नर्स’ होता येई. दोन वर्षांत ‘स्टेट एन्रोल्ड नर्स’ होता येई, पण त्या वाटेनं गेलेलीला पुढं बढती जवळजवळ नसे. स्टाफ नर्स, सिस्टर ही पदं रजिस्टर्ड नर्सेसची. परदेशांतून आलेल्या कितीतरी मुलींना, फरक नीट न सांगताच, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात घातलं गेलं. अनेकींना ते प्रमाणपत्र हातात पडल्यावर कळलं. त्यांच्या वाट्याला कामही बहुतेकदा इतरांना नको असलेलं येई, म्हणजे वृद्धांचे आणि मनोरुग्णांचे वॉर्ड, आणि रात्रपाळ्या. आणि रात्री वॉर्डवर दुसरी प्रशिक्षित नर्स नसेल तर कागदोपत्री अधिकार नसलेली ही एन्रोल्ड नर्सच सगळा वॉर्ड सांभाळायची.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोजेक्ट २०००’ या नावानं ब्रिटनमधलं नर्सिंगचं शिक्षण बदललं. एन्रोल्ड नर्सचं प्रशिक्षण बंद होत गेलं आणि आधीच्या एन्रोल्ड नर्सेसना अभ्यासक्रम पुरा करून वरच्या दर्जावर जाता येऊ लागलं. यूकेसीसी म्हणजे १९८३ ते २००२ या काळातली नर्सेसची नोंदणी करणारी परिषद. तुमच्या हातातलं पत्र त्यांचंच. त्यात रजिस्टरच्या कितव्या भागात आईचं नाव आहे ते लिहिलेलं असेल. भाग २ म्हणजे एन्रोल्ड. भाग १ किंवा भाग १२ असेल, तर तुमच्या आईनं तो अभ्यासक्रम पुरा केला.

तुम्ही चौदा वर्षांच्या होतात म्हणजे साल १९९४. स्वयंपाकघरातली ती ‘कुठलीशी परीक्षा’ हीच असावी. पत्र तपासा, पण मला फारशी शंका नाही. एकविसाव्या वर्षी जिला खालच्या वाटेला लावलं गेलं, तिनं सत्तेचाळिसाव्या वर्षी, रात्रपाळी करून, दोन मुलांचं घर सांभाळून, परक्या भाषेतल्या पुस्तकांवर बसून आपला दर्जा मिळवला. तुमच्या अख्ख्या पत्रातलं हे सगळ्यात मोठं वाक्य आहे आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय.

तक्रार करण्याचा तुम्हाला हक्क आहे, हेही सांगते. नाटकात मुख्य काम असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीनं समोरच्या खुर्च्यांत आईला शोधलं आणि ती दिसली नाही. तुम्हाला आज परीक्षेचं कारण कळलं म्हणून ती संध्याकाळ बदलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. बोलताना दोन्ही सांगा, एकीनं दुसरीला पुसू नका. ‘त्या संध्याकाळी मी तिच्यावर रागावले होते. ती कशाचा अभ्यास करत होती ते मला गेल्या महिन्यात कळलं.’ एवढं पुरे.

दहापैकी तीन-चार मिनिटं मी एका रात्रीला देईन. कुठल्याही एका रात्रीला. तुमच्या आठवणीतला दिवस पडदे ओढल्यावर सुरू होतो. तिचा दिवस त्याआधी बारा तास सुरू झालेला असे, आणि तो तुम्ही कधी पाहिला नाही. सत्तरच्या दशकातला वृद्धांचा वॉर्ड म्हणजे बहुतेक ठिकाणी एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटांची रांग, मधे टेबल आणि त्यावर झाकलेला दिवा. रात्री नऊच्या सुमाराला दिवसपाळीच्या नर्सेसकडून एकेका खाटेचा हिशेब घ्यायचा: कुणी जेवलं नाही, कुणाला लघवी होत नाही, कोण रात्री उठून घरी जायला निघतं. मग औषधांची फेरी. मग बेडपॅन. आणि दर दोन तासांनी, ज्यांना स्वतःहून कूस वळवता येत नाही त्यांना वळवायचं, कारण एकाच जागी पडून राहिलं की कातडी फाटते आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. पाठ पाहायची, टाचा पाहायच्या, चादर ओली असेल तर माणूस खाटेवर असतानाच बदलायची. बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता. मधल्या वेळात तापमान, नाडी, कागद. कुणीतरी हाका मारत असतं, आणि ज्याला हाक मारतं ते माणूस बहुतेकदा कधीच वारलेलं असतं. तिथं जाऊन बसायचं.

रात्री माणसं मरतातही, वृद्धांच्या वॉर्डात तर बरीच. मग पडदा ओढायचा आणि दोन नर्सेसनी मिळून त्या देहाचं शेवटचं करायचं. नर्सेस त्याला ‘लास्ट ऑफिसेस’ म्हणतात. डोळे मिटायचे, हातपाय सरळ करायचे, कोमट पाण्यानं सगळं अंग पुसून काढायचं, केस विंचरायचे, नावाची पट्टी बांधायची, स्वच्छ कापडात गुंडाळायचं. बऱ्याच नर्सेस हे करताना त्या माणसाशी बोलत राहतात: आता हात उचलते हं, आता कुशीवर वळवते. कितीतरी म्हाताऱ्यांना भेटायला महिनोनमहिने कुणी आलेलं नसे. त्यांच्या देहाला शेवटचा हात लागला तो मिरजेहून आलेल्या एका बाईचा. त्यातल्या एखाद्यानं पहिल्या दिवशी तिच्या हातून पाणी घ्यायलाही नकार दिला असेल. तिनं त्यालाही तसंच पुसलं असेल, कारण काम तसंच करायचं असतं. हे करून ती सकाळी घरी यायची, तुमचा शाळेचा डबा भरायची आणि पडदे ओढून झोपायची. कायम रात्रपाळी का, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. बाबा दिवसा कामावर, म्हणजे ती दिवसा घरात, शाळा सुटायच्या वेळी जागी. लहान मुलं असलेल्या फार मोठ्या संख्येनं नर्सेसनी याच कारणासाठी रात्री पत्करल्या. रात्रीच्या पगारात थोडी वाढही मिळे.

मी इथं सर्वसाधारण लिहिलंय. तिच्या वॉर्डाचा तपशील तिच्या सहकाऱ्यांकडून घ्या. खाटा किती होत्या, सोबतीला कोण असायचं, चार वाजता काय खायच्या, तिला कुठलं काम नको वाटायचं. ‘आई कशी होती?’ असं विचारलंत तर ‘फार प्रेमळ’ हेच उत्तर मिळेल. ‘रात्री दोन वाजता ती काय करत असायची?’ असं विचारा.

तिची कंबरदुखीही या रात्रींतूनच आली असणार. रुग्णांना उचलणं, वळवणं, खाटेवर वर ओढणं हे तेव्हा नर्सेस अंगबळावरच करत. नोकरीच्या ठिकाणी वजन उचलण्याबद्दलचे ब्रिटनमधले नियम १९९२चे. तोवर तिची चोवीस वर्षं उचलण्यात गेली होती. पुस्तिकेत कंबरेवर दोन ओळी जरूर असू द्या. घरात ती ‘आईची जुनी तक्रार’ म्हणून राहिली असेल, तर आता तिचं कारणही नोंदलं जाऊ दे.

भावाबद्दल आता जरा सावकाश बोलते, कारण तुमच्या पत्राचा खरा भार तिथं आहे.

आधी परिस्थिती. तो जन्मला १९७४ साली. बाळंतपणानंतर पुन्हा आपल्या नोकरीवर येण्याचा कायदेशीर हक्क ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्यानं पहिल्यांदा आणला. पगार इतके कमी होते की १९७४मध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारी पाळणाघरांत जागा अपुऱ्या. सासू, आई, बहीण, कुणीही जवळ नाही. मूल काही वर्षं आजीकडे ठेवणं हे त्या काळी ब्रिटनमधल्या स्थलांतरित घरांतून नवलाचं नव्हतं. भारतीय, कॅरिबियन, आफ्रिकन, चिनी, सगळ्याच कुटुंबांनी ते केलं. आज आखातात, आयर्लंडमध्ये, जर्मनीत गेलेल्या नर्सेसची मुलंही आजी-आजोबांकडे वाढताहेत. त्यांच्याकडे रोजचा व्हिडिओ कॉल आहे. तुमच्या आईकडे एरोग्राम होतं आणि आधी नोंदवून ठेवावा लागणारा महागडा ट्रंक कॉल.

हे सगळं भावाला माहीत असू शकतं आणि तरीही त्याचं दुःख तेवढंच राहू शकतं. दहा महिन्यांच्या बाळाला पगाराचे आकडे समजत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला ज्या बाईजवळ तो झोपत होता तिच्यापासून उचलून विमानात बसवलं, तेव्हा त्याच्या लेखी त्याची आई दुसऱ्यांदा हिरावली गेली. म्हणून, कृपा करून, कारणं सांगून त्याला पटवायला जाऊ नका. ‘तिचाही नाइलाज होता’ हे वाक्य तर तुमच्या तोंडून येऊच नये. तुम्ही तिच्याजवळ वाढलात. तुम्ही ते म्हटलंत की त्याला एवढंच ऐकू येईल, की गप्प बस.

आणि तिचा संपूर्ण नाइलाज होता असं आपण तरी कशावरून म्हणायचं? कदाचित तिला नोकरी सोडता आली असती. कदाचित तिनं मनाशी मांडून ठरवलं असेल, की मी काम सोडणार नाही. मला त्यात अपराध दिसत नाही. पण निर्णय तिचा असेल तर त्याची किंमत एका लहान मुलानंही मोजली, हे तुमच्या लिखाणात मान्य झालं पाहिजे. ‘वात्सल्याची मूर्ती’ म्हटलं की ती किंमत मोजणाराच खोटा ठरतो. म्हणून त्यानं कागद खाली ठेवला.

तुम्ही जे बोलणार आहात त्यात या काळासाठी दोन सरळ वाक्यं पुरेत. ‘१९७५ ते १९७९ माझा भाऊ मिरजेला आजीकडे होता आणि आई इथं काम करत होती. त्या वर्षांबद्दल आमच्या घरात फार कमी बोललं गेलं.’ विशेषण नको, समर्थन नको. ही दोन वाक्यं त्याला आधी दाखवा आणि त्यानं एक शब्द बदला म्हटलं तर बदला. ही वर्षं जाहीरपणे नकोतच म्हणाला, तर भाषणातून काढा. पुस्तिकेत त्याच्यासाठी एक पान राखून ठेवा, इंग्रजीत, त्याच्या नावानं. त्यानं ते कोरं ठेवलं तरी आग्रह धरू नका. मग ते पान एखाद्या छायाचित्राला द्या.

ती एरोग्रामची जुडी मात्र भाषणापेक्षा महत्त्वाची आहे. आजीनं तिला लिहिलेली पत्रं म्हणजे बहुतांशी त्याच्याबद्दलची पत्रं असणार. पहिलं पाऊल कधी टाकलं, गोवर कधी झाला, काय खातो, काय म्हणतो, कुणाला हाका मारतो. त्याची मिरजेतली वर्षं तिथं लिहून ठेवलेली असणार आणि तो ती वाचू शकत नाही. आईनं ती पत्रं इतकी वर्षं जपली. यावरून काय समजायचं ते त्याचं त्यानं ठरवावं. तुम्ही निष्कर्ष काढून देऊ नका.

पत्रं तारखेप्रमाणे लावा. एरोग्रामच्या घड्यांवर कागद फाटतो, म्हणून वारंवार उघडू नका. एकदाच उघडून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग भावाला सांगा, की हे तुझ्याबद्दल आहे, तुला हवं तेव्हा मी वाचून इंग्रजीत सांगेन. तो ‘हो’ म्हणेपर्यंत त्यातली एकही ओळ पुस्तिकेत घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. पत्रांच्या कागदावर हक्क कुणाचाही असो, त्यातलं बालपण त्याचं आहे. आणि आईनं लिहिलेली उत्तरं मिरजेला कुणाच्या तरी ट्रंकेत असण्याची शक्यता आहे. माहेरी चौकशी करा. आईचा आवाज हवा असेल तर तो तिथं सापडेल.

पासपोर्टही पाहा. तुमचा भाऊ म्हणतो ती एकदाच आली. शिक्के काय म्हणतात ते पाहा. एकदाच असेल तर एकदाच. जास्त वेळा असेल तर तो कागद त्याच्या हातात द्या, वाद जिंकल्यासारखा समोर ठेवू नका.

आणखी थोडी शोधाशोध करायची असेल तर तिच्या पेन्शनच्या कागदांत नोकरीची ठिकाणं आणि तारखा मिळतील. जनरल नर्सिंग कौन्सिलची १९७३पर्यंतची रजिस्टरं लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. आईची नोंद त्याआधीची असणार, तेव्हा तिथं विचारणा करता येईल. प्रत्येक तुकडीचा एकत्र फोटो काढायची नर्सिंग स्कूलांत पद्धत होती. तो कुणा मैत्रिणीकडे असेल. पण हे सगळं झालं नाही तरी तुमचं लेखन अडणार नाही.

काही बारीकसारीक गोष्टी. रुग्णालयात तिला बहुधा सोप्या केलेल्या किंवा भलत्याच इंग्रजी नावानं हाक मारत असतील. त्या पिढीत हे सर्रास चाले. सहकाऱ्यांना विचारून ते नावही पुस्तिकेत छापा, तिच्या खऱ्या नावाखाली, लहान अक्षरांत, नाहीतर त्यातल्या काहींना फोटोखालची बाई ओळखू येणार नाही. रुग्णांच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाका. आईनं निवृत्तीनंतरही वॉर्डातली नावं घरी उच्चारली नसतील, तो नियम तुम्हीही पाळा. बाबांवर एक परिच्छेद असू द्या: रात्री घरी तेच होते, ताप आलेल्या मुलांपाशी तेच बसले असणार. आणि नर्सेसना बोलायला वेळ द्या, तुमच्या दहा मिनिटांतला काढून द्यावा लागला तरी चालेल. स्थलांतरित नर्सेसची दखल उशिरा का होईना घेतली जातेय. २०२१ साली लंडनच्या व्हिटिंग्टन रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रकुल देशांतून आलेल्या नर्सेस आणि मिडवाइव्ह्जच्या सन्मानार्थ शिल्प उभं राहिलं. पण त्या शिल्पाला तुमच्या आईच्या वॉर्डातलं काहीच माहीत नाही. ते या बायकांना माहीत आहे.

‘समर्पित आई’ असं म्हणायचंच नाही का, असं तुम्ही विचाराल. तिच्या सकाळी आठच्या डब्याबद्दल लिहा, दुपारी तीनला गजर लावून तुम्हाला शाळेतून आणायला उठण्याबद्दल लिहा, तसं घडत असेल तर. ऐकणारे तो शब्द मनात स्वतःच म्हणतील आणि तुमच्या भावालाही त्याला हरकत घ्यावी लागणार नाही.

कामाचा क्रम मात्र मी सांगते तसा ठेवा. लिहायला बसण्याआधी फोन करा. तिच्याबरोबर १९६८-७०मध्ये शिकलेल्या बायका आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या आसपास आहेत. स्मृतिदिनाची वाट पाहू नका, त्या दिवशी गर्दीत कुणाशी धड बोलणं होणार नाही. या आठवड्यात एकीला गाठा, जमलं तर तिच्या घरी जा, बॅज आणि बक्कल बरोबर न्या, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तिला सांगू द्या. भावाला ‘येतोस का?’ एवढंच विचारा. नाही म्हणाला तर रेकॉर्डिंगची एक प्रत त्याला पाठवून ठेवा.